३८-१-२ : अमेरिकेतल्या कॉलेज महिला आइस हॉकीचा एक हंगाम समजून घेताना

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाच्या २०२४-२५ च्या हंगामापुढे ३८-१-२ असे आकडे लिहिलेले दिसतात. ३८ विजय, १ पराभव, २ बरोबरी. एकूण ४१ सामने आणि शेवटी राष्ट्रीय विजेतेपद. हे वाचून कोणालाही वाटेल की वर्ष एकतर्फीच गेले असणार, बाकीचे संघ नुसती हजेरी लावायला आले असतील. प्रत्यक्षात २३ मार्च २०२५ ला मिनियापोलिसमध्ये अंतिम सामना संपत आला, घड्याळात १८.९ सेकंद उरले, तेव्हा हाच संघ एका गोलने मागे होता.

पाच-सहा महिने जवळजवळ कोणाला हार न गेलेला संघ एका दुपारी सगळे गमावण्याच्या टोकाला कसा पोचतो? खेळाडू तेच, प्रशिक्षक तेच, मग बदलते काय? उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. आपल्याकडे आइस हॉकी म्हटले की लडाखमधली गोठलेली तळी आठवतात. अमेरिकेतला कॉलेजचा हंगाम हे फार वेगळे प्रकरण आहे, आणि पहिल्या भेटीत थोडे गोंधळात टाकणारेही.

आधी ४१ चा हिशेब लावू. तिथे कॉलेजांच्या खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. महिला आइस हॉकीचे वरच्या पातळीवरचे संघ पाच कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत. कॉन्फरन्स म्हणजे बहुतांशी एकाच पट्ट्यातल्या विद्यापीठांनी मिळून केलेला गट. विस्कॉन्सिनचा गट डब्ल्यूसीएचए या नावाचा. त्यात आठ संघ, आणि आठपैकी सहा एकट्या मिनेसोटा राज्यातले : मिनेसोटा, मिनेसोटा डुलुथ, सेंट क्लाउड स्टेट, मिनेसोटा स्टेट, बेमिजी स्टेट आणि सेंट थॉमस. उरलेले दोन म्हणजे विस्कॉन्सिन आणि ओहायो स्टेट. प्रत्येक संघ गटातल्या बाकीच्या सातांशी प्रत्येकी चार वेळा खेळतो, म्हणजे २८ सामने. गटाबाहेरच्या संघांशी आणखी सहा. झाले ३४. मग गटाची बाद फेरी सुरू होते, तिथे विस्कॉन्सिनचे चार सामने झाले, आणि राष्ट्रीय स्पर्धेत तीन. बेरीज ४१.

यातला चार वेळांचा भाग महत्त्वाचा आहे. सामने बहुधा शनिवार-रविवारच्या सुट्टीला धरून जोडीने होतात. शुक्रवारी संध्याकाळी एक, दुसऱ्या दिवशी त्याच रिंकवर त्याच संघाशी दुसरा. खेळणाऱ्या मुली विद्यार्थिनी आहेत, आठवडाभर वर्ग असतात, आणि बसने कित्येक तास जाऊन एकच सामना खेळून परतणे परवडत नाही, ही त्यामागची व्यवहाराची बाजू. पण त्यातून खेळाला एक वेगळा रंग चढतो. शुक्रवारी जी चाल बिनबोभाट लागू पडली तिच्यावर समोरच्या प्रशिक्षकांनी रात्रीत उतारा शोधलेला असतो. आदल्या दिवशी दंडात बसलेला धक्का दुसऱ्या दिवशी दुखत असतो. गोलरक्षक तीच ठेवायची की बदलायची, हा दर आठवड्याचा खल. शिवाय काही आठवड्यांनी हीच मंडळी पुन्हा दोन सामन्यांसाठी समोर येणार असतात. मार्चपर्यंत या संघांना एकमेकांची इतकी माहिती होते की कोण कुठल्या कोपऱ्यातून फटका मारते हे बाकावर बसलेली मुलगीही सांगू शकते.

आता खेळाविषयी थोडे. रिंक साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद, चारही बाजूंनी कठडा. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. एका वेळी प्रत्येकी सहा जणी बर्फावर : तीन आघाडीच्या, दोन बचावाच्या आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम.

टीव्हीवर पहिल्यांदा पाहताना सर्वांत जास्त गोंधळ खेळाडूंच्या बदल्यांनी होतो. दर पाऊण मिनिटाला, खेळ चालू असतानाच, मुली बाकावर उड्या मारून येतात आणि दुसऱ्या उतरतात. पंचांना विचारायचे नाही, खेळ थांबायची वाट पाहायची नाही. पूर्ण वेगाने स्केटिंग करताना दम तेवढाच टिकतो, म्हणून संघ तीन किंवा चार तुकड्या करून खेळतो. तारका कितीही मोठी असो, ती साठ मिनिटांतला बराच वेळ बाकावर असते. म्हणून हंगामभराची ताकद पाहायची असेल तर माझ्या मते तिसऱ्या तुकडीकडे पाहावे. पहिल्या तुकड्या बहुतेक चांगल्या संघांच्या तोडीस तोड असतात. विस्कॉन्सिनची तिसरी तुकडी उतरली तरी समोरच्याला उसंत मिळत नाही.

पुरुषांच्या हॉकीतली मुद्दाम अंगावर जाऊन कठड्यावर आपटण्याची मुभा इथे नाही. पक मिळवताना खांद्याला खांदा लागतो, धक्काबुक्की होते, पण अंगावर धावून जाणे ही चूक धरतात. चूक झाली की ती खेळाडू साधारणपणे दोन मिनिटे बाहेर बसते आणि तिचा संघ तेवढा वेळ एक जण कमी घेऊन खेळतो. चेहऱ्यावर पूर्ण जाळी किंवा काच सक्तीची.

बरोबरीचा कायदा जरा तिरपागडा आहे. साठ मिनिटांत निकाल लागला नाही तर पाच मिनिटे जादा, आणि त्या पाच मिनिटांत गोलरक्षक सोडून प्रत्येकी तीनच खेळाडू. एवढ्या मोठ्या रिंकवर सहा जणी म्हटल्यावर मोकळ्या जागा दिसू लागतात आणि खेळ एकदम धावपळीचा होतो. पहिला गोल झाला की सामना संपला. तरीही निकाल नाहीच लागला, तर गटाच्या गुणांसाठी शूटआउट घेतात, पण राष्ट्रीय नोंदीत तो सामना बरोबरीतच राहतो. ३८-१-२ मधला २ असा येतो. गटाच्या तक्त्यात साठ मिनिटांत जिंकले तर तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकले तर दोन, आणि तिथे हरणाऱ्यालाही एक. त्यामुळे कधी कधी बाहेरगावी जादा वेळेत हरलेला संघ फारसे वाईट तोंड करून घरी जात नाही.

हे सगळे ३४ सामने कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. गटाचे विजेतेपद मिळते, त्याचा मान आहेच. पण खरे बक्षीस मानांकनाचे. राष्ट्रीय स्पर्धेत ११ संघ घेतात. २०२१ पर्यंत फक्त आठ घेत असत. पाच गटांचे विजेते थेट आत येतात आणि उरलेल्या सहा जागा वर्षभराच्या कामगिरीवरून, कोणाला हरवले याचे वजन धरून, गणिती क्रमवारीने भरतात. पहिल्या पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, आणि पहिल्या चार संघांना उपांत्यपूर्व सामना आपल्याच गावात खेळायला मिळतो. म्हणजे ऑक्टोबरपासून घाम गाळून जे पदरात पडते ते एवढेच : एक सामना कमी आणि एक सामना घरी. आयपीएलमध्ये गुणतक्त्यातल्या पहिल्या दोघांना एक पराभव पचवायची सोय असते, तशी इथे कोणालाच नाही. हरला की हंगाम संपला, मग आधीचे आकडे काहीही असोत.

मला ही रचना थोडी क्रूर वाटते. मात्र तिच्यामुळेच मार्चमधले सामने पाहण्यासारखे होतात हेही कबूल करावे लागेल. २०१२-१३ मध्ये मिनेसोटाचा संघ ४१ पैकी ४१ सामने जिंकला होता. ते किती अवघड होते, हे या रचनेकडे पाहिल्यावरच कळते.

आणखी एक विषमता इथेच सांगायला हवी. एनसीएएची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा २००१ साली सुरू झाली. २०२० मध्ये कोविडमुळे ती झाली नाही. २०२५ पर्यंतच्या २४ विजेतेपदांपैकी २१ एकट्या डब्ल्यूसीएचए गटाकडे गेली : विस्कॉन्सिन ८, मिनेसोटा ६, डुलुथ ५, ओहायो स्टेट २. उरलेली तीन न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठाची. हार्वर्ड, कॉर्नेल, बोस्टन कॉलेज अशी मोठी नावे पूर्वेकडे आहेत, पण या एका चषकाने त्यांना कायम हुलकावणी दिली आहे. कारणे बरीच सांगता येतील. मिनेसोटात शाळेपासून मुलींच्या हॉकीचा पाया पक्का आहे. हार्वर्ड, कॉर्नेल यांसारखी आयव्ही लीग या गटातली जुनी विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि पश्चिमेकडची मोठी सरकारी विद्यापीठे देतात. मॅडिसन शहरात विस्कॉन्सिनच्या संघासाठी २०१२ साली लबान अरीना बांधले गेले. आसने २,२७३ च, पण तिथे सामन्याला जागा मिळवायला धडपड करावी लागते. याच विद्यापीठाने २०१७ मध्ये मोठ्या कोल सेंटरमध्ये सामना ठेवला तेव्हा १५,३५९ प्रेक्षक आले होते.

या सगळ्याच्या मुळाशी १९७२ चा टायटल नाइन हा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करू नये, एवढेच तो म्हणतो. त्यात खेळाचा वेगळा उल्लेखही नव्हता. पण पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य संघासमोर मुलींनाही तेवढीच संधी दाखवायची तर मुलींचे संघ उभे करावेच लागले, आणि थंड राज्यांत त्यातला एक आइस हॉकीचा होता.

विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन यांचे नाव हॉकीच्या बाहेरही ओळखीचे आहे. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी सोव्हिएत संघाला हरवले, त्या सामन्यात अमेरिकेच्या चारपैकी दोन गोल त्यांचे. २००२ पासून ते या महिला संघाकडे आहेत. मध्ये एक वर्ष सोडून त्यांनी २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघालाही मार्गदर्शन केले.

२०२४-२५ चा त्यांचा संघ किती भारी होता, याचा एक पुरावा पुरेसा आहे. कॉलेज महिला हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूला पॅटी काझमायर पुरस्कार देतात. प्रिन्स्टनची खेळाडू पॅटी काझमायर १९९० मध्ये रक्ताच्या दुर्मीळ आजाराने २८ व्या वर्षी गेली, तिच्या स्मरणार्थ १९९८ पासून तो दिला जातो. अंतिम यादीत तिघी असतात. त्या वर्षी तिघीही विस्कॉन्सिनच्याच होत्या : केसी ओब्रायन, लैला एडवर्ड्स आणि कॅरोलाइन हार्वी. एकाच विद्यापीठाच्या तिघी, असे त्याआधी कधी झाले नव्हते.

एडवर्ड्सने देशात सर्वांत जास्त, ३५ गोल केले. सहा फुटांहून उंच, हात लांब, आणि एवढ्या देहाला न शोभणारा पक हाताळण्यातला हळुवारपणा. अमेरिकेच्या वरिष्ठ महिला संघातून खेळलेली ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. हार्वी बचावपटू असूनही गोलांच्या यादीत आघाडीवाल्यांच्या शेजारी दिसत होती.

पुरस्कार मिळाला ओब्रायनला. तिचे आकडे २६ गोल आणि ६२ असिस्ट, एकूण ८८ गुण. हॉकीत गोल करणारीला एक गुण, आणि तिच्यापर्यंत पक पोचवणाऱ्या शेवटच्या दोघींनाही प्रत्येकी एक. त्यामुळे ६२ असिस्टचा अर्थ असा की संघाचे एवढे गोल तिच्या काठीवरून पुढे गेले होते. याच हंगामात विद्यापीठाच्या सार्वकालिक गुणांच्या यादीत तिने तोवर अव्वल असलेल्या हिलरी नाइटला मागे टाकले. वयाच्या तेराव्या वर्षी तिला हाडांच्या कर्करोगाचे निदान झाले होते, आणि तो आजार तिने एकदा नाही, तीनदा झेलला. तिचे हे पाचवे वर्ष होते. कॉलेजात खेळायला चार हंगाम मिळतात, पण २०२०-२१ चा कोविडग्रस्त हंगाम एनसीएएने कोणाच्याच हिशेबात धरला नाही, म्हणून त्या पिढीला एक जादा मिळाला.

आता अंतिम सामन्याकडे येऊ. समोर ओहायो स्टेट, आणि हे सलग तिसऱ्या वर्षी. २०२३ मध्ये विस्कॉन्सिन १-० ने जिंकले होते. एकमेव गोल कर्स्टन सिम्स या पहिल्या वर्षाच्या मुलीचा. २०२४ मध्ये ओहायो स्टेटने तो हिशेब बरोबर १-० नेच चुकता केला. गटात चार वेळा एकमेकांसमोर येणारे हे संघ. त्याच हंगामात जानेवारीत शिकागोच्या रिग्ली फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानावर उघड्या आभाळाखाली बर्फ अंथरून त्यांचा सामना झाला होता, तो विस्कॉन्सिनने जिंकला. राष्ट्रीय स्पर्धेत विस्कॉन्सिनने घरच्या रिंकवर क्लार्कसनला आणि उपांत्य सामन्यात मिनेसोटाला ६-२ असे बाजूला केले. तो उपांत्य सामना मिनेसोटाच्याच घरी, रिडर अरीनात होता. महिला कॉलेज हॉकीसाठी म्हणून अमेरिकेत बांधलेले हे पहिले अरीना, २००२ चे.

अंतिम सामनाही तिथेच. शेवटच्या मिनिटात ओहायो स्टेट ३-२ ने पुढे. अशा वेळी मागे असलेला संघ बहुधा आपली गोलरक्षक बाहेर काढून तिच्या जागी आणखी एक आक्रमक उतरवतो. आपला गोल उघडा पडतो, पण एका गोलने हरले काय आणि दोन गोलांनी हरले काय, घरी जायचेच असते. ओहायो स्टेटच्या गोलपुढे झुंबड उडाली. गोलरक्षकासमोर निळसर रंगाने आखलेला एक अर्धवट गोलाकार भाग असतो, त्याला क्रीज म्हणतात. तिथे पक हाताखाली दाबायचा हक्क फक्त गोलरक्षकाला. दुसऱ्या कोणी दाबला तर थेट पेनल्टी शॉट. पंचांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि ओहायो स्टेटच्या खेळाडूने तिथे पक झाकल्याचे ठरवून पेनल्टी शॉट दिला.

पेनल्टी शॉटमध्ये घड्याळ थांबलेले असते. रिंकच्या मध्यावर पक ठेवतात, एक खेळाडू तो घेऊन एकटी गोलरक्षकाकडे जाते. मागे फिरायचे नाही, आणि फटका अडवला गेला तर दुसरी संधी नाही. कोण जाणार हे ठरवायचे काम संघाकडे असते. पुरस्कारविजेती ओब्रायन होती, ३५ गोलवाली एडवर्ड्स होती. जॉन्सन यांनी सिम्सला पाठवले, आणि तिने गोल केला. ३-३.

बाद फेरीत जादा वेळेला तीन-तीन खेळाडूंची शक्कल लागू नसते. पूर्ण संघ, वीस मिनिटांचा भाग, गोल होईपर्यंत भागामागून भाग. इथे फार थांबावे लागले नाही. २ मिनिटे ४९ सेकंदांनी पुन्हा सिम्सचाच गोल. ४-३. तीन वर्षांत दोन अंतिम सामन्यांचे निर्णायक गोल तिच्या नावावर लागले.

ओहायो स्टेटच्या बाजूने पाहिले तर हा नियम फार महागात पडला, आणि त्यावर वाद घालणारे भेटतात. मला पंचांचे वागणे योग्य वाटते. नियम पुस्तकात आहे, व्हिडिओत दिसले, दिले. पण सामना संपायला १८.९ सेकंद असताना असा निर्णय द्यायला छाती लागते, हेही तितकेच खरे. तो दिला नसता तर आज आकडे ३७-२-२ असते आणि या संघाला उपविजेते म्हणून ओळखले गेले असते. संघ तोच, खेळ तोच.

पैशाचे थोडक्यात. या मुलींना अनेक वर्षे शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. २०२१ च्या जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिराती घेऊन कमावायची मोकळीक मिळाली, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. परदेशातून आलेल्या मुलींना मात्र व्हिसाच्या अटी आडव्या येतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या मराठी मंडळींना ती डोकेदुखी वेगळी समजावून सांगायला नको. पदवीनंतर खेळायला खरीखुरी व्यावसायिक लीग मिळाली ती १ जानेवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएलच्या रूपाने. ओब्रायनला २०२५ च्या जूनमधल्या खेळाडू निवडीत न्यूयॉर्क सायरन्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतले.

एडवर्ड्स, हार्वी आणि सिम्स यांचे एकेक वर्ष शिल्लक होते, त्या मॅडिसनला परतल्या. २०२६ च्या फेब्रुवारीत मिलानचे ऑलिंपिक आले आणि तिघीही अमेरिकेच्या संघात गेल्या. गटाच्या वेळापत्रकातले सामने त्यांच्यासाठी थांबत नाहीत, तेव्हा त्या काळात विस्कॉन्सिनच्या तिसऱ्या तुकडीला बर्फावर नेहमीपेक्षा बरीच जास्त मिनिटे मिळाली.